धुणेघरातल्या दोन वाटा

अभ्यासपाठ
शास्त्रभाग : लेवीय १३:४७-५९ आणि १५:१-१३



लेवीयाच्या पुस्तकातील हे दोन उतारे आपल्या उपासनांत सहसा वाचले जात नाहीत. एकात कपड्यावर पडलेल्या चट्ट्याविषयी नियम आहेत, दुसऱ्यात स्राव होत असलेल्या मनुष्याच्या अंथरुणाविषयी. मुले हसतील आणि मोठी माणसे संकोचतील या भीतीने शब्बाथ शाळेचा शिक्षक पान उलटतो. मी स्वतः पुष्कळ वर्षे तेच केले. पुढे एका वृद्धाश्रमाच्या धुणेघरात तीन आठवडे काम करण्याची पाळी आली, तेव्हा हे उतारे मला पुन्हा उघडावे लागले. म्हणून या महिन्याचा पाठ त्या धुणेघराविषयी आहे. ज्यांच्या घरी आई किंवा सासरे अंथरुणाला खिळून आहेत त्यांनाही तो उपयोगी पडावा, कारण अशा घरची मोरी हेही एक लहानसे धुणेघरच होय.

प्रथम आपला भाग पाहू. धार आणि देवास ही पवारांची जुनी संस्थाने, आणि अठराव्या शतकापासून येथे मराठी घरे नांदत आली आहेत. सेवेचा इतिहासही येथे आहे. कॅनडातील क्वीन्स विद्यापीठातून १८९१ साली डॉक्टर झालेल्या मार्गारेट ओहारा त्याच वर्षी हिंदुस्थानात आल्या आणि १८९५ पासून धार हेच त्यांचे कार्यक्षेत्र झाले. १९२७ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी या भागातील स्त्रियांची शुश्रूषा केली. त्यांचे नाव मिशनच्या इतिहासात आहे, ते योग्यच आहे. पण रुग्णालय म्हटले की त्याच्या मागच्या अंगणात चादरी वाळत असणारच, आणि त्या धुणाऱ्यांची नावे कोणत्याही इतिहासात आपल्याला सापडत नाहीत.

आज आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ मुले इंदूर, पुणे, मुंबई किंवा परदेशी गेली आहेत आणि वडीलधारी माणसे मागे राहिली आहेत. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा जो कायदा २००७ साली झाला, त्याच्या एकोणिसाव्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान १५० जणांची सोय असलेला निदान एक आश्रम उभारण्याची तरतूद आहे. आश्रम कोणाचाही असो, आपण तेथे भेटीला जातो, गीते म्हणतो, फळे वाटतो, प्रार्थना करतो आणि पुढच्या दाराने परत येतो. मागच्या दारी काय चालते ते आपण पाहत नाही.

मी ते कसे पाहिले ते सांगतो. काही वर्षांपूर्वी नाताळच्या आठवड्यात आमचा तरुण संघ माळव्यातील एका वृद्धाश्रमात गेला होता. नाव सांगण्याचे कारण नाही. कार्यक्रम आटोपल्यावर आम्ही मागच्या अंगणात गेलो. दोऱ्यांवर चादरी, धोतरे, लुगडी, परकर असे भरपूर धुणे वाळले होते आणि धुणे करणाऱ्या मावशी एकट्याच ते काढीत होत्या. आम्ही म्हणालो, "मावशी, आज तुम्ही बसा. आम्ही काढतो." भिंतीशी बांबूच्या चार-पाच टोपल्या होत्या. आम्ही भराभर कपडे काढून त्यांत टाकू लागलो. मावशी म्हणाल्या, "भाऊ, त्यांत नका हो टाकू. खाटेवर टाका." मी म्हणालो, "रिकाम्याच आहेत की मावशी." त्या पुढे बोलल्या नाहीत. पाहुण्यांना किती वेळा सांगणार?

त्याच टोपल्यांतून सकाळी खोल्याखोल्यांतले मळके कपडे आले होते.

फेब्रुवारीत आश्रमातील पुरुषांच्या खोलीत खाज सुरू झाली. रात्री झोप लागेना. बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर, कमरेशी पुरळ उठले. डॉक्टरांनी खरूज सांगितली. समितीची बैठक झाली आणि मावशींना बोलावून विचारण्यात आले की तू कपडे नीट उकळत का नाहीस, हात का धूत नाहीस. मंडळीच्या वतीने मी त्या बैठकीस हजर होतो. टोपल्यांची गोष्ट मला आठवत होती, तरी मी बोललो नाही.

पुढे डॉक्टरांनी अधिक चौकशी केली. नोव्हेंबरात एक नवे गृहस्थ राहावयास आले होते. त्यांना खाज होतीच, परंतु थंडीने कातडी कोरडी पडली असेल असे समजून कोणी लक्ष दिले नव्हते. खरजेचा किडा प्रथमच अंगावर आला तर खाज सुटण्यास चार ते आठ आठवडे लागतात आणि तोवर मनुष्य नकळत ती दुसऱ्यास देत असतो. बहुतेक वेळा ती अंगाला अंग लागून पसरते, काही वेळा अंथरूण-पांघरुणातूनही. आमच्या टोपल्यांनी त्यात भर घातली की नाही हे कोणीच निश्चित सांगू शकणार नाही. परंतु त्या दिवशी टोपल्यांविषयी सावध करणारे माणूस एकच होते आणि बोलणी त्यालाच बसली. पुढच्या बैठकीत मी सर्व सांगितले. तोवर मावशी काम सोडून आपल्या गावी निघून गेल्या होत्या. तीन आठवडे दुसरे कोणी मिळेना, म्हणून आम्ही तरुण संघातील तिघे पाळीपाळीने धुणेघरात जाऊ लागलो. डॉक्टरांनी आणि एका निवृत्त परिचारिकेने आम्हांस जे शिकविले तेच येथे लिहीत आहे.

शास्त्रभागाकडे वळू

लेवीय १३ मधील कपड्याचा चट्टा म्हणजे आज आपण ज्याला कुष्ठरोग म्हणतो तो नव्हे. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेचे डॉ. हॅन्सन यांनी १८७३ साली शोधला, आणि तो लोकरीच्या किंवा तागाच्या वस्त्रावर हिरवट-तांबूस डाग पाडीत नाही. येथे वर्णन आहे ते बुरशीचे असावे असे बहुतेक अभ्यासक मानतात. याजकाने काय करावयाचे ते पाहा. कपडा सात दिवस बाजूला बंद करून ठेवायचा, मग पाहायचा. डाग पसरला असेल तर जाळायचा. पसरला नसेल तर धुऊन पुन्हा सात दिवस ठेवायचा. धुतल्यावर डाग फिका झाला तर तेवढा तुकडा फाडून काढायचा, आणि नाहीसाच झाला तर आणखी एकदा धुवायचा. धुतला म्हणजे झाले, असे येथे कोठेही धरलेले नाही. बाजूला ठेवणे आणि पुन्हा पाहणे यांवर सारा भर आहे.

पंधराव्या अध्यायात स्राव असलेल्याचे अंथरूण, त्याची बैठक, त्याने न धुतलेल्या हाताने केलेला स्पर्श, यांचा एकेक करून विचार आहे. बाराव्या वचनाने मी विशेष थबकलो. त्याचा हात लागलेले मातीचे भांडे फोडून टाकावे आणि लाकडाचे पाण्याने धुवावे, असे तेथे सांगितले आहे. कच्चे मडके पाणी शोषते, तसेच मळही शोषते. ते आतून धुता येत नाही. आमच्या बांबूच्या टोपल्या मला तेथे आठवल्या. विणीच्या फटीफटीत काय बसते ते कोणत्या ब्रशाने काढणार?

मोशेच्या नियमशास्त्रात जंतुशास्त्र होते असे मात्र वर्गात सांगू नका. तसे सांगण्याची आपल्यातील काही उपदेशकांना हौस असते. ते नियम विधीच्या शुद्धतेसाठी होते. तरीही एक गोष्ट त्यांत स्पष्ट दिसते. मळलेली वस्तू कोणत्या वाटेने जाते, कशाकशाला लागते, याचा विचार कपडा धुण्याच्या आधी करावयाचा असतो. धुणेघराची सारी स्वच्छता यावरच उभी आहे. मळक्याची वाट वेगळी आणि धुतलेल्याची वाट वेगळी, आणि दोन्ही कोठेही एक होऊ द्यावयाच्या नाहीत.

आपल्या मराठी घरांना सोवळे-ओवळे ठाऊक आहे. हे याला लागले, ते त्याला लागले, याची बारीक नजर आपल्या आज्यांना होती. दुःख हे की पिढ्यान्पिढ्या ती नजर माणसांवर रोखली गेली आणि मळके धुणे ज्याच्या हातात दिले त्यालाच दूर ठेवण्यात आले. तीच नजर टोपलीवर, टेबलावर आणि दाराच्या कडीवर ठेवली असती तर पुष्कळ आजार टळले असते.

मळक्याची वाट

ही वाट खाटेपाशी सुरू होते. चादर काढताना झटकू नये. आपली जुनी सवय झटकण्याची आहे, पण झटकल्याने कातडीचे कण, वाळलेला मळ आणि जंतू खोलीभर उडतात. कडा आत घेत चादर गुंडाळावी आणि तिथल्या तिथे पिशवीत किंवा झाकणाच्या बादलीत टाकावी. छातीशी कवटाळून नेऊ नये. जमिनीवर टाकू नये, शेजारच्या खाटेवर तर मुळीच नाही. शौचाने भरलेल्या कपड्यावरील घट्ट भाग जाड कागदाने किंवा पत्र्याच्या तुकड्याने काढून संडासात टाकावा. नळीचा जोराचा फवारा मारू नये, त्याचे शिंतोडे तोंडावर येतात. असा कपडा वेगळ्या पिशवीत जातो. खिसे आणि घड्या पाहाव्यात, पण हात खुपसून नव्हे. इन्सुलिन घेणाऱ्याच्या खोलीतून आलेल्या चादरीत सुई सापडते हे आम्ही दुसऱ्याच दिवशी शिकलो.

धुणेघराला दोन दारे असावीत. एकातून मळके आत येईल, दुसऱ्यातून धुतलेले बाहेर जाईल. आपल्याकडे बहुधा दार एकच असते. मग वेळ वाटून घ्यावी. सकाळी मळके येईल आणि धुऊन दोरीवर जाईल. त्यानंतर फरशी, हौद, टेबल, नळाच्या चाव्या आणि कडी-कोयंडा धुऊन कोरडे करावे, आणि मगच दुपारी वाळलेले कपडे आत घ्यावेत. आम्ही बांबूच्या टोपल्या काढून टाकून प्लास्टिकची पिंपे घेतली, मळक्यासाठी लाल आणि धुतलेल्यासाठी निळी. लाल पिंप रिकामे असले तरी त्यात धुतलेला कपडा पडावयाचा नाही. रिकाम्या पिंपाचा मोह फार असतो, हे मी अनुभवाने सांगतो.

शब्बाथ शाळेत हे दाखविणे सोपे आहे. एका फडक्यात रंगीत खडूची पूड घालून ते टोपलीत ठेवा. एका मुलाला ते उचलून दुसरीकडे ठेवू द्या आणि मग त्याच टोपलीत पांढरे रुमाल टाकून ते वर्गात वाटा. पाच मिनिटांनी मुलांना आपापली बोटे, बाही आणि बाकाची कड पाहू द्या. शिक्षकाला फार बोलावे लागत नाही. फडके एकदा झटकूनही दाखवा, पण खिडक्या उघड्या ठेवून.

पाणी, आच आणि औषध

धारला साडेबारा तलावांचे गाव म्हणतात. देवासला मात्र १९९० च्या दशकात आगगाडीने पाणी आणावे लागले होते. ज्या गावाने असे दिवस पाहिले आहेत त्याला पाणी मोकळ्या हाताने वापरा असे कोण सांगेल? परंतु काटकसर कोठे करावी हे कळले पाहिजे. शेवटचे खळबळणे चुकवू नये. साबण कपड्यात राहिला तर म्हाताऱ्या माणसाची पातळ कातडी चरचरते, आणि मग ती खाज आहे की खरूज हेही ओळखू येत नाही. शेवटच्या खळबळण्याचे पाणी मात्र साठवून फरशीसाठी किंवा दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या भिजवणीसाठी घ्यावे. कूपनलिकेचे पाणी जड असेल तर साबणाचा फेस होत नाही, चोथा होतो आणि कपडा राठ होतो. तेथे थोडा धुण्याचा सोडा उपयोगी पडतो.

आता आच. चादर शुभ्र आणि परीटघडीची असली म्हणजे ती निर्जंतुक झाली असे नाही. निळीने पांढरेपणा येतो, खळीने कडकपणा. जंतू मारण्यासाठी ठरावीक उष्णता ठरावीक वेळ लागते. ब्रिटनमधील रुग्णालयांचा नियम ६५ अंश सेल्सिअसला किमान १० मिनिटे किंवा ७१ अंशांना किमान ३ मिनिटे असा आहे, आणि कपड्यांच्या साऱ्या गठ्ठ्यात ती उष्णता पोहोचण्याचा वेळ त्यावर आणखी धरतात. अमेरिकेत ७१ अंशांना २५ मिनिटे सांगतात. खरजेचा किडा त्याहून कमी उष्णतेला मरतो, ५० अंशांच्या वर १० मिनिटे पुरतात. हाताला सोसते त्या कोमट पाण्याने यातले काहीच होत नाही. जुने परीट कपडे खारवून रात्रभर भट्टीवर वाफेत ठेवीत, ते काही उगाच नव्हे. यंत्र आले आणि भट्टी गेली, पण पुष्कळ ठिकाणी यंत्राला गरम पाण्याची जोडणीच नसते. म्हणजे कष्ट गेले आणि त्यांच्याबरोबर आचही गेली. अशा ठिकाणी सुती पांढरे कपडे मोठ्या पातेल्यात किंवा बंबाच्या कढत पाण्यात घालून उकळावेत. वर-खाली करण्यास लांब काठी घ्यावी आणि हे काम एकट्याने करू नये. एका पातेल्याने आमच्यातील एकाचा पाय भाजला.

यंत्र असेल तर ते गच्च भरू नये. कपड्यांना आत फिरण्यास जागा लागते. काम संपले की झाकण उघडे ठेवावे आणि जाळी रोज काढून धुवावी, नाहीतर यंत्रच ओलसर राहून कुबट होते.

उकळणे शक्य नसेल तेथे ब्लीचिंग पावडर कामास येते. तिचे प्रमाण नीट समजून घ्या, कारण येथे अंदाज फार चालतो. कपडे भिजविण्यासाठी क्लोरीनचे ०.०५ टक्के पाणी लागते. पावडरीत साधारण ३० टक्के क्लोरीन असेल तर १० लिटरच्या बादलीस सुमारे १७ ग्रॅम पावडर पुरते. किराणा दुकानाच्या काट्यावर एकदा तोलून घ्यावी आणि तेवढ्याच मापाचा एक डबा त्या कामासाठी ठेवावा. पावडर आधी थोड्या पाण्यात कालवून निवू द्यावी आणि वरचे निवळ पाणी घ्यावे, कारण न विरघळलेला कण चादरीला भोक पाडतो. कपडे मळ काढून साबणाने धुतल्यावरच या पाण्यात ३० मिनिटे ठेवावेत आणि मग चांगले खळबळावेत. मळ असेल तेथे क्लोरीन मळावरच खर्च होतो. लोकर आणि रेशीम यात कधी घालू नये. पावडरीचा डबा उघडा राहिला तर तिचे बळ जाते, मग १७ ग्रॅमही व्यर्थ.

एक धोका ठळक सांगतो. संडास धुण्याचे आम्ल आणि ब्लीचिंग पावडर ही एका बादलीत कधी येऊ देऊ नयेत. त्यातून विषारी वायू निघतो आणि बंद खोलीत तो जिवावर बेततो. लघवीने भिजलेला कपडाही आधी साध्या पाण्यातून काढल्याशिवाय या पाण्यात टाकू नये. काम करताना दार-खिडकी उघडी असावी.

ऊन आपल्याला फुकट मिळाले आहे. एप्रिल-मेच्या माळव्याच्या उन्हात चादर पाहता पाहता कडकडीत होते, आणि कोरडेपणा हा जंतूंचा शत्रू आहे. खरी परीक्षा पावसाळ्यात. दमट कपडा घडी करून ठेवला की चार दिवसांत काळे ठिपके पडतात. लेवीय १३ चा चट्टा तो हाच. अशा दिवसांत कमी कपडे धुवावेत पण पुरते वाळवावेत, दोऱ्यांत अंतर ठेवावे, आणि शिवणीवर व काठावर कडक इस्त्री फिरवावी. गोधड्या आणि लोकरीच्या घोंगड्या धुता येत नसतील आणि खरजेची शंका असेल, तर त्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवाव्यात. माणसाच्या अंगावाचून तो किडा सहसा दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. सात दिवस बंद करून ठेवण्याचा नियम वाचताना मला हे आठवून नवल वाटले. खरजेचे मलम मात्र सर्वांना एकाच दिवशी लावावे लागते, ज्यांना खाज नाही त्यांनाही, आणि आधीच्या तीन दिवसांत वापरलेले सर्व कपडे त्याच दिवशी कढत पाण्यातून काढावे लागतात. आमच्या आश्रमात पहिल्यांदा हे दोन दिवसांत विभागून केले आणि सगळे पुन्हा करावे लागले.

भलत्याची भीती

जेथे काळजी हवी तेथे निष्काळजी आणि जेथे नको तेथे भीती, असे आपल्याकडे पुष्कळदा होते. क्षयरोग्याचे कपडे वेगळे बांधून ठेवण्याची किंवा जाळण्याची चाल काही घरांत अजून आहे. क्षय हवेतून, खोकल्यातून पसरतो. चादर-उशीतून तो होत नाही. तेथे हवेशीर खोली आणि नियमित औषध महत्त्वाचे. देवासला हे निराळे सांगावयास नको. पंडित कुमार गंधर्व क्षयाने आजारी असताना, १९४८ साली, येथल्या कोरड्या हवेसाठीच राहावयास आले आणि कित्येक वर्षे अंथरुणावर होते. पुढे स्ट्रेप्टोमायसिनने ते बरे झाले आणि १९९२ मध्ये देहावसान होईपर्यंत येथेच राहिले. कुष्ठरोग्याच्या कपड्यांचीही तीच गोष्ट. औषध सुरू झालेल्या माणसाचे धुणे इतरांसारखेच धुवावे आणि त्यावरून त्याला लाजवू नये.

उलट जुलाब लागलेल्या माणसाच्या चादरीला आपण भीत नाही. बाई ती उघड्या हाताने पिळते आणि त्याच हाताने पदर सावरते. काळजी येथे हवी.

धुणाऱ्याचे हात

१८५४ च्या नोव्हेंबरात फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिकांसह तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या, तेव्हा त्यांनी आरंभी केलेल्या कामांपैकी एक धुण्याचे होते. जवळच एक घर भाड्याने घेऊन त्यांनी तेथे पाणी तापविण्याच्या कढया बसविल्या आणि शिपायांच्या बायकांना पगार देऊन धुण्यास लाविले. दिवा हातात घेतलेली बाई आपल्या मुलांना चित्रात ठाऊक आहे. धुण्याच्या कढया चित्रात नाहीत. तेथील मृत्यू कमी झाले ते १८५५ मध्ये गटारे साफ झाल्यावर, केवळ धुण्याने नव्हे, हेही शिक्षकांनी सांगावे. पण पगार देऊन लाविले, हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे.

धुणे करणाऱ्या व्यक्तीला जाड रबरी हातमोजे, पाणी न शोषणारा एप्रन आणि पायात बंद चपला किंवा बूट हवेत. हातमोजे काढल्यावरही साबणाने हात धुवावेत, ४० ते ६० सेकंद, नखे आणि अंगठेही. जखम असेल तर ती झाकलेली असावी. कावीळ ब ची लस तीन वेळा घ्यावी लागते. पहिल्या टोचणीनंतर एक महिन्याने दुसरी आणि सहा महिन्यांनी तिसरी. ती आश्रमाने स्वखर्चाने द्यावी. आपण आश्रमाला पंखे देतो, घड्याळ देतो, त्यावर नाव कोरतो. हातमोज्यांच्या जोडीवर नाव कोरता येत नाही, म्हणून कदाचित ते कोणी देत नसावे. हे थोडे कडवट झाले, पण राहू द्या.

आणि समितीत धुणे करणारीला बसवावे. निदान महिन्यातून एकदा तिला विचारावे की कोणाच्या चादरीवर रक्ताचे डाग दिसतात, कोणाचे कपडे एकाएकी जास्त भिजू लागले आहेत, कोण खाजवून चादरी फाडीत आहे. डॉक्टरांच्या आधी हे तिला कळते. मावशींना ते गृहस्थ आल्या आठवड्यात कळले होते. तसे त्या एका आजींशी बोलल्याही होत्या. आम्हांस कोणी सांगितले नाही, कारण आम्ही कोणी विचारले नाही.

शेवटी खुणांविषयी. आश्रमात कपड्यांची अदलाबदल हे रोजचे भांडण असते, आणि ते क्षुल्लक नाही. साठ वर्षे स्वतःचे लुगडे नेसलेल्या बाईला कोणाचेही लुगडे आणून दिले की ती गप्प बसते, पण जेवत नाही. शिवाय एकाची खाज दुसऱ्याकडे जाते ती याच वाटेने. परीट बिब्ब्याच्या रसाने खूण करीत, ती धुऊन जात नाही. पण बिब्बा कातडीला उततो. दुसऱ्या महायुद्धात भारतात असलेल्या अमेरिकन सैनिकांच्या अंगावर नेमके कपड्याच्या खुणेपाशी पुरळ उठू लागले, तेव्हा डॉक्टरांनी ते परटाच्या खुणेचे म्हणून ओळखले आणि १९४३ साली त्याची नोंद केली. म्हाताऱ्या कातडीशी हा खेळ नको. शाईचा शिक्का चालतो, पण तो विटतो.

मावशींची रीत दोऱ्याची होती. प्रत्येकाचा एक रंग आणि काठाच्या आतल्या बाजूस ठरावीक टाके. त्या गेल्यावर याद्या आम्हांस मिळाल्या नाहीत, कारण त्या लिहिलेल्याच नव्हत्या. पहिल्या दिवशी वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन मी बायकांच्या खोलीत गेलो आणि कोणते कोणाचे ते मला कळेना. खिडकीशी बसलेल्या आजींना नीट दिसत नव्हते. त्यांनी एक लुगडे हातात घेतले, काठाच्या आतून बोट फिरविले आणि तीन टाके मोजले. "हे माझं," त्या म्हणाल्या. मग बाकीच्यांचेही त्यांनी तसेच टाके मोजून सांगितले आणि मी एका वहीत लिहून घेतले. ती वही आता धुणेघराच्या दारामागे खिळ्याला टांगलेली असते.